खंडेनवमीची रिकामी भिंत

सोमनकट्टीच्या धर्माच्या दवाखान्यात आग लागली तर काय करायचं, असं कुणी मोठ्या डॉक्टरांना विचारलं की ते सरळ सांगत, "द्यामव्वाला विचारा." त्यात थट्टा नव्हती. द्यामव्वा कंबार ही बाळंतिणींच्या वॉर्डातली आया. शाळा दोन वर्षांची, तीही उन्हाळ्यात मोडलेली. पण बाप लोहार. भात्यासमोर वाढलेल्या त्या पोरीला आग कुठल्या रंगाची झाली म्हणजे काय करते, हे अक्षरांच्या आधी कळलं होतं.

तालुक्याहून आग विझवणारे लोक एकदा दवाखान्यात शिकवायला आले. त्यांनी अर्धा दिवस शिकवलं, चहा घेतला, फोटो काढले आणि गेले. बाकीचे विसरले. द्यामव्वा विसरली नाही. बेशुद्ध माणसाला उचलायला चौघं लागतात, पण त्याच्याच अंथरुणाच्या चादरीवर घेऊन जमिनीवरून ओढलं तर एक बाई पुरते, हे तिला फार पटलं. विहिरीवरून दोन घागरी आणणाऱ्या बाईच्या कमरेला ते लगेच कळतं. मग दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती सगळ्यांना गोळा करायची. नव्या नर्स, झाडूवाल्या, स्वयंपाकघरातल्या बायका, कुणालाच सोडत नसे. दवाखान्यातला सगळ्यांत जड माणूस म्हणजे पहारेकरी फकीरप्पा. त्याला ती चादरीवर झोपवायची.

"फकीरप्पा, सकाळी किती भाकरी खाल्ल्यास?"

"चारच, अक्का."

"पुढच्या सोमवारी दोनच खा. ओढायचं मला असतं."

बायका हसायच्या. डोक्याकडची चादर मुठीत गुंडाळून, पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांत वाकून द्यामव्वा उलटी चालत फकीरप्पाला जिन्यापर्यंत न्यायची. मग प्रत्येकीकडून ते करून घ्यायची. "हाताने ओढू नका गं, अंगाने ओढा. हात उद्या भाकरी थापायला लागतील."

हे सगळं उभं राहिलं त्यामागे नीलांबिका होती. दवाखान्याची मेट्रन. सगळे तिला नीलक्का म्हणत. द्यामव्वा नवरा गेल्यावर इथं फरशी पुसायला लागली, तेव्हा नीलक्कानेच तिला औषधांच्या खोक्यावरची अक्षरं लावायला शिकवलं. दुपारी सामसूम झाली की दोघी लिननच्या खोलीत बसत, एकीच्या डब्यातली शेंगाचटणी दुसरीच्या भाकरीवर जाई. "आपल्या दवाखान्यात आगीपुढे मेट्रन आणि आया एकच," असं नीलक्का सगळ्यांसमोर म्हणाली होती. त्या दिवशी द्यामव्वा घरी गेली ती गल्लीतून मान जरा वर करून गेली.

दोघींमध्ये कधी वाद झाला तो एकाच गोष्टीवर. खंडेनवमीच्या पूजेवर.

त्या दिवशी आमच्याकडे सगळी हत्यारं विसावतात. नांगर, करवत, मोटार, शिवणयंत्र, सगळ्यांना धुऊन, विभूती ओढून, हळदकुंकू लावून मांडतात. पूजेला बसलेली वस्तू दसरा उजाडेपर्यंत कुणी हलवत नाही. दवाखान्यातही तसंच. खालच्या मोठ्या ओसरीत रुग्णांची गाडी उभी करायची, तिच्यापुढे कात्र्या, चिमटे, रक्तदाबाची यंत्रं. आणि गेली काही वर्षं, आग विझवायचे लाल बाटलेही. सगळ्या भिंतींवरचे चोवीस बाटले उतरवून, पुसून, गाडीच्या दोन बाजूंना बारा बारा उभे करायचे. लाल रंगावर पांढरी विभूती आणि पिवळी शेवंती काय खुलून दिसायची! दवाखान्याचे मालक देसाई धनी सहकुटुंब येऊन त्यांच्यासमोर उभे राहायचे.

द्यामव्वाला ते डाचत असे. त्या वर्षी तिने नीलक्काला गाठलं.

"अक्का, बाटले खाली नेले की एक दिवस न् एक रात्र भिंती उघड्या. आग काय पंचांग बघून येते?"

"अगं, पूजा आहे. तू लोहाराची लेक, तूच असं बोलतेस?"

"लोहाराची लेक म्हणूनच बोलते. आमच्या आप्पाचा हातोडा, ऐरण, घण, सगळं पूजेला बसायचं. पण एक सांडशी आणि पाण्याची एक डोणी बाहेर असायची. आप्पा म्हणायचा, एवढं जागं राहू दे. निदान माझ्या वॉर्डाचे दोन तरी राहू देत. तिथं उठता न येणाऱ्या बाया असतात. पूजा भिंतीवरच करू. कुंकू मी स्वतः लावते."

नीलक्काने द्यामव्वाच्या दंडावर हात ठेवला. "तुझे दोन भिंतीवरच राहतील. माझा शब्द."

यावर आणखी काही मागायचं नसतं. द्यामव्वाने मागितलंही नाही.

नवमीच्या सकाळी आठ वाजता तिने आपल्या वॉर्डाचे दोन्ही बाटले पाहिले. काटा हिरव्यात, पिन जागेवर. बाटल्याच्या गळ्यातल्या कार्डावर तारीख घालून सही केली. दोघांना बोटभर कुंकू लावलं आणि नमस्कार केला. वॉर्डात सात बाळंतिणी, सात लेकरं. त्यांतल्या दोघींची पोटं फाडून बाळंतपणं झालेली. नर्स सुवर्णा सिस्टर कामाला नवी, हौशी. तिने लेकरांना ऊब देणाऱ्या यंत्रालाही फुलं वाहिली होती आणि त्याच्याच बोर्डात रंगीत दिव्यांची माळ खोचून खिडकीभर सोडली होती.

"सिस्टर, त्या बोर्डावर एवढा भार नको."

"दिवसभरच हो, अव्वा. बघा ना, लेकरं कशी टक लावून बघतायत."

"त्यांना अजून दिसत नाही गं."

दोघी हसल्या. द्यामव्वाने बोर्डाला हात लावून पाहिला, गार होता. तिने सोडून दिलं. ही आपली चूक, हे ती पुढे सगळ्यांना सांगायची. लपवायची नाही.

दीडच्या सुमाराला नीलक्का वर आली. "द्यामे, खाली पुरणाचे कडबू गरम आहेत. जेवून ये जा. मी बसते इथं."

द्यामव्वा गेली. कडबूवर तूप घेतलं, दुसरा मागून घेतला. ओसरीत पूजा होऊन गेली होती, उदबत्तीचा धूर, धन्यांची नातवंडं पळत होती. गाडीपुढे माणसांची गर्दी होती, म्हणून तिला बाटल्यांच्या रांगा नीट दिसल्या नाहीत. मोजायचं तिच्या मनातही आलं नाही. नीलक्का वर बसली होती ना.

ती जिना चढून वॉर्डात आली तेव्हा नीलक्का तिथं नव्हती. सुवर्णा एका बाळंतिणीचा ताप बघत होती. आणि बोर्डातून तड्‌ असा आवाज आला.

ठिणगी माळेवर पडली, माळेवरून कागदाच्या फुलांवर, फुलांवरून पडद्यावर. एवढीशी आग. लोहाराच्या पोरीने हसून विझवावी अशी. विजेची होती म्हणून पाणी चालणार नव्हतं, पण बाटला चार पावलांवर होता. द्यामव्वा वळली, हात वर केला आणि हात भिंतीला लागला.

दोन खुंट्या होत्या. खुंट्यांखाली चुन्यावर बाटल्यांचे दोन गोल डाग उमटलेले, आणि सकाळच्या कुंकवाचा एक ओघळ.

त्या क्षणी तिला आगीची भीती वाटली नाही. कुणीतरी भर बाजारात पदर ओढावा तसं वाटलं. पण ते वाटायलाही वेळ नव्हता.

"सुवर्णा, खाली पळ! बाटले आण, दोन आण!" असं ओरडत तिने कोपऱ्यातला मुख्य खटका पाडला. "बायांनो, उठता येतं त्यांनी लेकरं छातीशी धरा. वाकून चाला. रडायचं बाहेर गेल्यावर!" पाच जणी निघाल्या. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांची लेकरं दोघींनी आपल्याजवळ घेतली. तोवर पडदा खाली गळून खिडकीजवळच्या फोमच्या गाद्यांवर पडला होता. काळा, घशाला चिकटणारा धूर पसरला. द्यामव्वाने पहिलीला चादरीसकट खाली घेतलं आणि ओढलं. पाठ ताठ, गुडघ्यांत वाकून. परत आली. दुसरी रेणव्वा, ती दाराकडे बघून "माझं लेकरू, माझं लेकरू" करत होती. "तुझं लेकरू माझ्या आधी बाहेर गेलंय, तू गप पड." तिला घेऊन दाराशी येते तो पेटलेली एक गादी दारात आडवी आलेली. द्यामव्वाने ती दोन्ही हातांनी धरली आणि बाजूला फेकली.

खाली काय चाललं होतं ते तिला नंतर कळलं. सुवर्णा ओसरीत पोचली, बाटल्याला हात घातला, तर फकीरप्पा आडवा आला. वाईट माणूस नव्हे. वर धूर त्याने पाहिलाच नव्हता. "पूजेतलं उद्यापर्यंत हलवायचं नाही, सिस्टर. थांबा, धन्यांना विचारून येतो." सुवर्णा किंचाळली तेव्हा तो भानावर आला आणि दोन बाटले खांद्यावर घेऊन जिना चढला. पण वर आल्यावर पिन निघेना. पूजेचा हळदीचा दोरा बाटल्याच्या गळ्याभोवती, कडीतून, पिनेतून नऊ वेढे घालून गाठवलेला. फकीरप्पाने तो दातांनी तोडला. आग विझली, पण तोवर अर्धा वॉर्ड काळा झाला होता आणि द्यामव्वा जिन्याच्या पायरीवर हात पुढे धरून बसली होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

सगळे वाचले. फक्त रेणव्वाच्या लेकराच्या छातीत धूर गेला होता. त्याला हुबळीला न्यावं लागलं, नऊ दिवस ते तिथं होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं देतात, लहानांनी मोठ्यांना, आणि वर्षाची भांडणं तिथं टाकून देतात. नीलक्का द्यामव्वाच्या खाटेशी आली. मोठी असून तिने आधी पानं पुढे केली. द्यामव्वाचे दोन्ही हात बांधलेले, फक्त डाव्या हाताचा अंगठा बाहेर. नीलक्काने पानं तिच्या उशाशी ठेवली आणि रडली.

"धनी वर आले होते, द्यामे. म्हणाले, दोन कमी का? बारा आणि दहा बरं दिसत नाही, फोटो घ्यायचाय. मी म्हटलं अर्ध्या तासाने परत लावते."

"अर्धा तास," द्यामव्वा म्हणाली.

"चुकलं माझं."

द्यामव्वाला राग होता. पण समोरची बाई तिला अक्षरं शिकवणारी होती, आणि चुकलं म्हणत होती. तिने मान हलवली. "चुकलं ते लिहू या, अक्का. तालुक्याचा साहेब उद्या चौकशीला येणार ना? भिंत रिकामी होती असं कागदावर आलं, की पुढल्या वर्षी कोण उतरवेल? धन्यांनाही नाही म्हणता येईल तुला."

"खरंय तुझं. तुझा जबाब हवाच आहे. तू सांग, मी लिहून घेते."

द्यामव्वाने सांगितलं. सावकाश, एक एक गोष्ट, सकाळच्या सहीपासून दातांनी तोडलेल्या दोऱ्यापर्यंत. दिव्यांची माळ आपण काढायला लावली नाही, तेही सांगितलं. नीलक्का गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत होती.

"आता वाचून दाखव."

नीलक्काने वाचलं. शब्द न् शब्द द्यामव्वाचा. मग म्हणाली, "सही कशी करशील? अंगठा लावते हं."

"किती वर्षांनी गं अंगठा," द्यामव्वा हसत म्हणाली आणि अंगठा पुढे केला.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. होसमनी नावाचे, वयाने तरुण, बुटांना राख लागली तरी वॉर्डाचा कोपरा न् कोपरा पाहणारे. मग सगळ्यांना ओसरीत बसवून त्यांनी जबाब वाचले. द्यामव्वा खुर्चीवर, हात मांडीवर. तिच्या नावाचा कागद आला तेव्हा ती जरा सावरून बसली.

"'आग लागताच मी भिंतीवरचा बाटला काढून वापरला. सुवर्णा सिस्टरनी दुसरा वापरला. पडदा आधीच गाद्यांवर पडल्याने आग वाढली. बाटले जागेवर होते म्हणून सर्वजण वाचले.'" साहेबांनी मान वर केली. "शाबास, अव्वा."

द्यामव्वाला आधी वाटलं, कागद बदलला. दुसऱ्या कुणाचा असेल. मग तिने नीलक्काकडे पाहिलं. नीलक्का जमिनीकडे बघत होती.

"साहेब, हे मी सांगितलेलं नाही. भिंत रिकामी होती."

"खाली तुमचाच अंगठा आहे."

"अंगठा माझा आहे. बोलणं माझं नाही. मला सही येते, साहेब, मी अंगठेबहाद्दर नाही. बाटले इथं खाली होते, पूजेत. विचारा कुणालाही."

साहेबांनी खरंच विचारलं. फकीरप्पा म्हणाला, "मी फाटकावर असतो, साहेब. वरचं मला काय ठाऊक?" सुवर्णा नखं बघत राहिली. तिची नोकरी अजून पक्की व्हायची होती. "मी... मी घाबरले होते, सर. कुठून घेतला ते आठवत नाही." ज्यांना ज्यांना द्यामव्वाने चादर ओढायला शिकवली होती त्या सगळ्या तिथं होत्या. कुणी खिडकीबाहेर बघत होत्या, कुणी पदराशी चाळा करत होत्या.

"बाटल्यांवर कुंकू बघा!" द्यामव्वाचा आवाज चढला. "गळ्यात दोरा बघा!"

तेव्हा नीलक्का उठली. आवाज मऊ, आजारी माणसाशी बोलताना काढायचा तो.

"कुंकू आहे, साहेब. पूजा आम्ही भिंतीवरच केली. द्यामव्वाचाच आग्रह होता, जागेवरून हलवायचे नाहीत म्हणून. फार जपते ती. त्या सकाळचं कार्डही आहे, तिच्या सहीचं. आता औषधांची गुंगी आहे, हात भाजलेत. सांभाळून घ्या."

तिने कार्ड पुढे केलं. तारीख बरोबर. सही बरोबर. बाटले जागेवर.

साहेबांनी द्यामव्वाकडे पाहिलं, मग कार्डाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्यांना काहीतरी खटकलं असावं. पण कागद चार होते आणि बाई एक. त्यांनी कागदाप्रमाणेच लिहिलं.

माणसं पांगल्यावर नीलक्का मागे थांबली. "दवाखाना बंद पडला असता, द्यामे. परवाना गेला असता. या मुलखात बाळंतपणाला दुसरं काय आहे?"

"मग मला तसं म्हणायचं होतं. गप्प बसायचं की नाही ते मी ठरवलं असतं. तू वाचून दाखवलंस, अक्का. माझे शब्द माझ्यासमोर वाचलेस आणि कागदावर दुसरंच होतं. मला वाचायला तूच शिकवलंस ना? मग मी कागद हातात का मागितला नाही माहीत आहे? तुझ्याकडे मागायचा असतो असं मला वाटलंच नाही."

नीलक्काने तिचा पदर सारखा करायला हात पुढे केला. द्यामव्वा मागे सरकली.

"हात दुखतायत, मॅडम. नर्सला पाठवा."

धन्यांनी तिचा सत्कार ठेवला. ती गेली नाही, म्हणून शाल घरी आली. म्हाताऱ्या सासूने ती खुंटीला लावली, द्यामव्वाने काढून शेजारच्या बाळंतिणीला दिली. हात दिवाळीनंतर बरे झाले. उजव्याची दोन बोटं पुरती मिटत नाहीत. ती कामावर परत गेली, त्याच वॉर्डात. सोमवारचं शिकवणं कुणी बंद केलं नव्हतं, पण ती आली की बायका फार लक्ष देऊन ऐकत, आणि हसत कुणीच नसे. फकीरप्पा चादरीवर डोळे मिटून पडून राही. रेणव्वा एकदा लेकराला टोचायला घेऊन आली, ते गुटगुटीत झालं होतं. तिने ते द्यामव्वाच्या मांडीवर घातलं. तेवढं एक बरं झालं.

वर्ष फिरलं. वरून कसलाही हुकूम आला नव्हता. येणार तरी कशाला? सरकारच्या कागदावर भिंत भरलेलीच होती.

खंडेनवमीच्या सकाळी द्यामव्वा वॉर्डात आली. कार्डावर सही केली. मग लिननच्या खोलीतून एक स्टूल आणलं, दोन्ही बाटल्यांच्या खाली ठेवलं आणि भिंतीला पाठ लावून बसली.

अकराच्या सुमाराला फकीरप्पा आला. त्याने बाटल्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही.

"अक्का, तेवढे दोन..."

"बावीस ने."

"धनी विचारतील."

"विचारू देत. तू फाटकावर असतोस, तुला वरचं काय ठाऊक?"

फकीरप्पाचे कान लाल झाले. तो गेला. थोड्या वेळाने नीलक्का जिना चढून आली. वर्षात ती थकली होती, दर तीन पायऱ्यांवर थांबत होती. दारात उभी राहिली. आत यावं, काही बोलावं असं तिच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. द्यामव्वा स्टुलावरून उठली नाही. मेट्रन दारात असताना आयेने बसून राहणं त्या दवाखान्यात कुणी पाहिलं नव्हतं. नीलक्का वळली. तिची पावलं बराच वेळ जिन्यावर ऐकू येत होती.

खाली आरती सुरू झाली. कोपऱ्यातल्या खाटेवरची नवी बाळंतीण, पंधरा कोसांवरून आलेली, तिला यातलं काही माहीत नव्हतं. "अव्वा, तुम्ही नाही गेलात पूजेला?"

"नाही गं."

"घशाला कोरड पडलीय. तो तांब्या तेवढा देता?"

तांब्या खिडकीपाशी होता. दहा पावलं. द्यामव्वाने त्याच्याकडे पाहिलं.

"सुवर्णा सिस्टरना हाक मार, बाळा. मी आज इथून उठत नाही."

सुवर्णाने ऐकलं होतं. ती आली, पेला भरला, बाळंतिणीच्या ओठांना लावला आणि जाताना स्टुलापाशी घुटमळली. मग द्यामव्वाच्या पायाशी पाण्याचा एक पेला ठेवून ती आपल्या कामाला गेली. द्यामव्वा तहानलेली होती. तिने पेल्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग त्याला हात न लावता दाराकडे बघत बसली.